वरच्या पट्टीतला सूर

पावाचा दुसरा काप निम्मा कापून झाला तेव्हा फोल्कमार लिंडनरच्या लक्षात आलं, की आवाज झाला नाही. सुरी पावातच राहिली. त्यानं कान दिला. फ्रिजची घरघर होती. वरच्या मजल्यावरचं पाणी भिंतीतल्या पाइपातून उतरत होतं. खाली वळणावर ट्रामची चाकं रुळांना घासली आणि गोरबिट्स वस्तीतल्या त्या सगळ्या सारख्या इमारतींमधून तो आवाज नेहमीसारखा दोनदा ऐकू आला. एवढं सगळं जागच्या जागी होतं. त्यात एक बारीक, उंच ‘टुक्’ असायला हवा होता, तो नव्हता. कदाचित तो पहाटेपासूनच नसेल. कदाचित कालपासून. न झालेला आवाज नेमका केव्हापासून झाला नाही, हे कसं शोधायचं? त्यानं काप पुरा कापला, त्यावर लिव्हरची पेस्ट लावली, आणि मग तो न खाता बशीत ठेवून बाहेरच्या खोलीत गेला.

खिडकीखालच्या फळीवर दोन यंत्रं होती. एक काळं, पुस्तकाएवढं, मुकं. ते त्याचं टपालघर. लिंडनरांची सगळी मेल त्या काळ्या डब्यात यायची आणि तिथून जायची. कुठल्या कंपनीच्या दारात जायची गरज नव्हती. दुसरं यंत्र करडं, पत्र्याचं, बसकं. देशाचे अजून दोन तुकडे होते तेव्हाचं. त्याच्या कीबोर्डावरची अक्षरं पुसली होती आणि त्याला आता कोणी काही काम सांगत नसे. फोल्कमारनं त्याला एक काम दिलं होतं. घरातलं कोणी आपली मेल न्यायला काळ्या डब्याशी आलं, की डब्यानं जुन्या यंत्राला खुणावायचं आणि जुन्यानं त्या माणसाचा सूर वाजवायचा. प्रत्येकाला एकेक सूर. बायकोचा, केर्स्टिनचा, खालचा, जरा घोगरा. भावाचा मधला. म्हाताऱ्या आईचा त्याच्या थोडा वर. मुलीचा, रीकेचा, सगळ्यांत वर, कारण तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि म्हणाली होती, माझा सगळ्यांत उंच पाहिजे, कुत्र्यालाच ऐकू येईल असा.

कुत्रा नव्हता. फोल्कमारला ऐकू येत होता.

स्पीकर. त्यानं स्पीकरच्या मागची वायर हलवली. मग काढून फुंकर मारून पुन्हा लावली. जुन्या यंत्राला हातानं सूर वाजवायला लावला: टुक्. वाजला. मग दोन यंत्रांमधली वायर. मग काळा डबा. डबा जागा होता, दार उघडं होतं, त्याच्या कुलपांच्या किल्ल्यांची मुदत संपलेली नव्हती. मग बाहेरून घरात येणारी वायर, तिचा भिंतीतला सॉकेट, सॉकेटचे स्क्रू. गुडघे टेकून, टॉर्च तोंडात धरून त्यानं ते स्क्रू आवळले, आणि आवळतानाच त्याला कळत होतं की स्क्रूंचा काही संबंध नाही. रीके आता रॉश्टॉकला होती, तिथं फोन लावला तर एका मिनिटात कळेल. पण रीकेशी बोलणं व्हायचं ते नाताळात आणि तिच्या वाढदिवसाला. दोन्ही वेळा ती म्हणायची ‘बरी आहे’, तो म्हणायचा ‘बरं’, आणि मग दोघंही दुसऱ्यानं फोन ठेवण्याची वाट पाहायची. वर्षात एरवी फोन करायचा तर कारण लागतं. ‘तुझा आवाज बंद झाला’ हे कारण होऊ शकत नाही. तिला ठाऊकच नव्हतं की तो अजून वाजतो.

वाजत असे. तिची शाळा चालू असताना, ती शाळेतून पळून एल्ब नदीच्या काठावर बसलेली असताना, केर्स्टिन तिला घेऊन नदीपलीकडे पीशेनला राहायला गेली तेव्हा, रीके बारा खोकी सामान घेऊन रॉश्टॉकला गेली तेव्हा. टुक्. मग पाव तास काही नाही. मग टुक्. माणसं दूर जातात, सूर जात नाही, हे फोल्कमारला फार सोयीचं वाटलं होतं. बाकीचे सूर एकेक करून थांबले. आई वारली तेव्हा तिचा थांबला, तो समजण्यासारखा. भावानं एक दिवस सांगितलं, मी त्या मोठ्या कंपनीकडे गेलो, सगळे तिकडेच आहेत, फुकट आहे. त्याचा थांबला. केर्स्टिनचा मात्र ती घरातून गेल्यावरही बरेच महिने वाजत राहिला. कोर्टात सही कुठल्या दिवशी केली ते फोल्कमार विसरला. खालचा घोगरा सूर शेवटचा कधी वाजला ते त्याच्या लक्षात होतं. तो तेव्हा मोज्यांच्या जोड्या लावत बसला होता. उरला तो वरचा. तो ऐकून हा उठायचा, ऐकत जेवायचा. मधून मधून तो रीकेला काहीतरी पाठवायचा, दुरुस्त केलेल्या एखाद्या जुन्या यंत्राचा फोटो, दोन ओळी. पाठवलं की कान देऊन बसायचा. पाव तासाच्या आत टुक्. नेलं तिनं. म्हणजे पाहिलं तिनं. उत्तर यायचं नाही. पण ती आधीपासूनच उत्तर देणारी नव्हती.

एबरहार्टनं मात्र एकदा शंका काढली होती. तो, फोल्कमार आणि जुन्या यंत्रांवर जीव असलेली आणखी तीनचार माणसं बंद पडलेल्या एका बालवाडीच्या तळघरात जमत. लहान मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसत आणि एकमेकांच्या डाख दिलेल्या जोडांना नावं ठेवत. फोल्कमारनं तिथं कधी नव्हे ते घरचं काही सांगितलं, सुरांचं.

“दर पाव तासाला?” एबरहार्टनं चष्मा कपाळावर चढवला. “तुझी मुलगी?”

“हो.”

“झोपेत पण?”

“फोन उशाशी असतो त्यांचा. फोन आपापला बघतो.”

“आताचे फोन असं येऊन-जाऊन करत नाहीत रे बाबा. दाराला पाय अडकवून बसतात, आत काही पडलं की लगेच कळतं त्यांना. पाव तासानं दार वाजवून ‘आहे का काही?’ विचारणारं म्हणजे कुठलं तरी म्हातारं धूड असणार. आपल्यासारखं.”

“रीके जुन्या वस्तू वापरते.”

“लिंडनरांची मुलगी आणि शिस्त!” एबरहार्ट बाकीच्यांकडे वळून म्हणाला. “माझ्या लग्नात केकमधे हात घालणारी हीच ना ती?”

सगळे हसले. फोल्कमारही हसला. आणि हसता हसता त्याच्या डोक्यात एक दार थोडं उघडलं, ते त्यानं पायानंच लोटून घेतलं. त्याला माहीत होतं. ज्याला वायर कळते त्याला हे कळणारच होतं. माहीत असणं आणि माहीत करून घेणं यांच्यामधे एक लहानशी खोली असते, तिच्यात माणूस कितीही दिवस राहू शकतो, भाडं लागत नाही.

खरं तर एका नजरेत उलगडा झाला असता. कोण कुठून येतं, केव्हा येतं, कोणाला परत लावलं, हे असला कुठलाही डबा आपोआप लिहून ठेवतो. फोल्कमारनं पहिल्याच दिवशी ते लिहिणं बंद केलं होतं. त्याच्या वयाच्या, त्याच्या भागातल्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही. सरकारचे हेर पत्रं वाफेवर उघडत होते त्या गावात तो वाढला. माझ्या घरातलं टपालघर काही लिहून ठेवणार नाही, काही लक्षात ठेवणार नाही, असं त्यानं स्वतःशी ठरवलं होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. सूर वाजतो आणि हवेत जातो. त्याचा पुरावा उरत नाही.

गुडघ्यांवरून उठताना कळ आली. त्याला वडील आठवले, गुडघ्याएवढ्या चरात उभे. डोंगराच्या माथ्यावर सगळ्या वस्तीनं मिळून उभारलेला अँटेना, आणि तिथून घराघरात आणलेली वायर. पश्चिमेकडचा टीव्ही त्या खोऱ्यात कोणाला दिसत नसे, लोक हसत त्यांना. म्हणून वडिलांनी आणि गल्लीतल्या बाप्यांनी रविवार रविवार खणून ती वायर पुरली. फोल्कमार तेव्हा विशीचा, फावडं चालवायचा. कोणाला जोड द्यायची ते लिंडनरांच्या पेअरच्या झाडाखाली ठरायचं. वेत्सेलांना द्यायची नाही असं ठरलं. वेत्सेल काय काम करतो ते कोणाला माहीत नव्हतं आणि इतरांना जिच्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे ती गाडी त्याला लवकर मिळाली होती. एवढं पुरेसं होतं. चर वेत्सेलांच्या कुंपणासमोरूनच जात होता. तिथं खणत असताना वेत्सेलबाई कुंपणाशी आली, काचेच्या वाडग्यात लाल करंटच्या फळांचे घोस घेऊन, नुकते खुडलेले, देठांसकट. म्हणाली, ऊन फार आहे. वडिलांनी आभार मानले. सगळ्यांनी खाल्ले. आंबट होते. वायर तिच्या कुंपणापासून हातभर अंतरावरून पुढे गेली. संध्याकाळी वडिलांनी वाडगा घासला, कोरडा पुसला आणि फोल्कमारच्या हाती परत पाठवला. देताना फोल्कमार तिच्याकडे पाहू शकला नाही. वाडग्याकडे पाहत होता. खूप नंतर, सरकारी हेरांची कपाटं सगळ्यांना उघडी झाली तेव्हा, वेत्सेलच्या नावावर काहीच निघालं नाही. गाडी बायकोच्या मामानं दिलेली होती. वडील म्हणाले, ‘असेल.’

त्याला हे आत्ता का आठवावं ते त्याला कळलं नाही. त्यानं टॉर्च जागेवर ठेवला आणि केर्स्टिनला फोन लावला.

“रीके ठीक आहे ना?”

“तुला पण सुप्रभात,” केर्स्टिन म्हणाली. “काल बोलले मी तिच्याशी. ठणठणीत आहे. का?”

“काही नाही.”

“फोल्कमार, काही नसताना तू फोन करत नाहीस. काही असतानाही करत नाहीस.”

“मेल बघते का ती, एवढंच विचारायचं होतं.”

पलीकडे तेलात काहीतरी चर्रर्र झालं. “मी क्वार्कच्या टिकिया तळतेय. येतोस तर ये. फोनवर मला तुझं यंत्रांचं ऐकता येत नाही, हात तेलकट आहेत.”

ट्राम नदी ओलांडताना त्यानं सवयीनं खाली पाहिलं नाही. रीके ठणठणीत आहे. तेव्हा आता भीती जायला हवी होती. ती गेली नाही, उलट तिचा आकार स्पष्ट झाला. म्हणजे भीती रीकेला काही होण्याची नव्हती, किंवा तेवढीच नव्हती. समोर बसलेल्या मुलीच्या मांडीवर फोन होता आणि ती बोटानं तो वर सारत होती, थांबतच नव्हती. बोट, बोट, बोट. ही आपल्या बापाला ऐकू येत असेल का, असं त्याच्या मनात आलं. विचार मूर्खपणाचा होता. तो ट्राममधून उतरला तरी विचार बराच वेळ त्याच्याबरोबर चालत राहिला.

केर्स्टिनचं स्वयंपाकघर अरुंद होतं आणि तिथं त्याला नेहमी आपले खांदे मोठे झाल्यासारखे वाटत. तिनं त्याच्यापुढे बशी सरकवली, घोटलेल्या सफरचंदाची वाटी सरकवली.

“खा. आणि बोल.”

“तिचा पत्ता आहे ना माझ्या डब्यावरचा. तिथून मेल न्यायची ती. दिवसभर. कालपासून नेत नाही.”

केर्स्टिननं झारा हवेत धरला. “तो पत्ता? तो तिनं कधीच सोडला, फोल्कमार. रॉश्टॉकला गेल्या गेल्या. आता तिचा त्या मोठ्या कंपनीकडे आहे, सगळ्यांचा असतो तसा. तुझा ती फक्त चपलांच्या दुकानांना देते, त्यांच्या जाहिराती येऊन पडतात म्हणून.”

त्यानं टिकियेचा तुकडा तोडला. आत चक्क्यासारखा क्वार्क अजून वाफाळत होता.

“मग नेत कोण होतं?”

केर्स्टिननं झाऱ्यानंच खिडकी दाखवली. खिडकीबाहेरच्या बाल्कनीत मातीची एक कुंडी होती, वाळूनं भरलेली, आणि वाळूतून एका सपाट वस्तूचा कोपरा वर आला होता. “तिचा शाळेतला टॅबलेट. पावाच्या डब्याशेजारी असायचा, चार्जरला लावलेला. मी त्यावर पाककृती बघायची. काल बघते तर पोट फुगून वर आलेलं, भिजवलेल्या कणकेसारखं. रीके फोनवर ओरडली, आई, ते पेटतं, बंद कर, बाहेर टाक, वाळूत ठेव. ठेवला. शनिवारी कचरा केंद्रावर नेणार आहे.” तिनं झारा खाली ठेवला. मग हळू म्हणाली, “ते नेत होतं? तुझं टपाल?”

“तिचं.”

“इतकी वर्षं?”

तो बाल्कनीकडे पाहत होता. पावाच्या डब्याशेजारी. म्हणजे त्यानं पाठवलेला प्रत्येक फोटो इथं येत होता, या ओट्यावर, आणि काच काळी असताना आतल्या आत साठत होता. टुक्. टुक्. घरी कोणी नसतानाही. केर्स्टिन आंघोळीला गेलेली असतानाही. गंमत म्हणजे त्याला वाईट वाटत नव्हतं. पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि जमीनच लागावी तसं झालं; पडला नाही, नुसता हाडांना धक्का बसला. त्यानं तुकडा खाल्ला. चांगला होता. तसं तो म्हणणार होता.

“पण आता आलाच आहेस तर मी विचारते,” केर्स्टिननं गॅस बंद केला. “तुला सांगणार नाही असा तिला शब्द दिलाय मी, तो मोडते. तू तिचं पत्र परत का पाठवलंस?”

“कुठलं पत्र?”

“त्याला आता हा तिसरा हिवाळा. तिनं तुला नव्या पत्त्यावरून लिहिलं होतं, लांबलचक. तू परत पाठवलंस. वर ते वाक्य. मी म्हटलं, अगं त्याला विचार, काहीतरी घोटाळा असेल. म्हणाली, विचारायचं काय आई, खाली सही आहे.”

“मला तिचं पत्र आलंच नाही.”

“मग परत कोणी पाठवलं?”

तेव्हा त्याला आठवलं. आठवलं म्हणजे दिसलं: स्वतःचीच बोटं, हिवाळ्यातली, सुजलेली, कीबोर्डावर. त्या वर्षी मोठ्या कंपनीच्या दारातून घाण यायला लागली होती, औषधांच्या, लॉटरीच्या, बायकांच्या जाहिराती, दिवसाला शेकडो. तिच्याकडे तक्रार करायला माणूस नव्हता. आणि भाऊ तिकडे गेला होता, केर्स्टिन तिकडे गेली होती, सगळे तिकडे गेले होते. त्यानं एक नियम लिहिला.

त्या कंपनीच्या दारातून जे येईल: काहीही असो, कोणाचंही असो: उंबऱ्यावरूनच परत.

आणि परत जाणाऱ्याच्या हाती द्यायची चिठ्ठीही स्वतः लिहिली. असल्या डब्यांना तयार मजकूर असतो, कोरडा, आकड्यांचा. तो त्याला पुरेना. त्याला त्या कंपनीला, त्या बिनचेहऱ्याच्या डोंगराला काहीतरी सुनवायचं होतं. बराच वेळ त्यानं त्या वाक्यावर काम केलं होतं आणि ते जमलं तेव्हा तो एकटाच हसला होता.

या घरात आपलं टपाल घेतलं जात नाही. कारण आपल्याला माहीत आहे. फो. लिंडनर.

भावानं एकदा फोनवर कुरकुर केली होती, तुझा डबा मला आत घेत नाही म्हणून. फोल्कमार म्हणाला होता, मग दुसऱ्या दारानं ये. दोघंही हसले होते. भावानं तेव्हा चिठ्ठीबद्दल विचारलं नाही. भावाला ती विनोदाचीच वाटली असणार. आणि जुनं यंत्र फक्त आत येऊन नेणाऱ्यांसाठी वाजायचं. दार वाजवून परत गेलेल्यांसाठी त्यानं सूर ठेवलेलाच नव्हता. ते कुठं लिहिलेलंही नव्हतं. एक हिवाळा त्याची मुलगी दाराबाहेर उभी होती आणि आत तो तिच्या जुन्या टॅबलेटचा आवाज ऐकत मोजे जुळवत होता, किंवा चहा गाळत होता, किंवा काय करत होता ते आता सांगता येणार नाही, कारण तो एक साधा दिवस होता.

“मी पाठवलं,” तो म्हणाला.

 केर्स्टिननं उरलेल्या टिकिया कागदात बांधायला घेतल्या. “हे घरी ने,” ती म्हणाली. “आणि फोन इथून करू नकोस. मला ऐकायचं नाही.”

त्यानं तो नदीकाठच्या रस्त्यावर केला, सायकली जातात त्या बाजूला, उभ्यानंच. रीके रॉश्टॉकहून डेन्मार्कला जाणाऱ्या फेरीबोटीवर कामाला होती. बराच वेळ घंटी वाजली. मग वारा, नुसता वारा, आणि त्यात तिचा आवाज.

“पपा? आज काय आहे? नाताळ तर नाही.”

“नाही. सहज.”

“तू? सहज?” ती हसली. “थांब, आत येते. इथं ऐकू येत नाही.” एक जड दार लागलं. वारा कापल्यासारखा थांबला. “हं. कोण गेलं?”

“कोणी नाही. तू मला पत्र लिहिलं होतंस.”

 मागं भोंग्यावरून कोणीतरी गाड्यांच्या रांगांबद्दल सांगत होतं.

“आईनं सांगितलं ना?” ती म्हणाली. “तिच्या पोटात काही राहत नाही. जाऊ दे, पपा. जुनं झालं ते.”

“ती चिठ्ठी तुला नव्हती. त्या कंपनीला होती.”

“खाली तुझं नाव होतं.”

“हो.”

“‘कारण आपल्याला माहीत आहे.’” तिनं ते जसंच्या तसं म्हटलं, त्याच्याच थांबण्यासकट. “मी किती तरी दिवस विचार करत होते की मला काय माहीत आहे. मग सापडलं.”

“काय सापडलं? सापडण्यासारखं काही नव्हतंच.”

“सापडतं रे. शोधायला बसलं की कोणालाही सापडतं.” तिचा आवाज शांत होता, गिऱ्हाइकाला जिना कुठल्या बाजूला ते सांगावं तसा. “काय ते सांगणार नाही. तुला कळलं तर तूच म्हणशील, हो, तेच.”

“रीके, ते यंत्रानं आपोआप...”

“यंत्र कोणाचं?”

“माझं.”

“नियम कोणी लिहिला?”

“मी.”

“बरं,” ती म्हणाली.

एक सायकलवाला घंटी वाजवत गेला आणि फोल्कमार कडेला सरकला. त्याला जाणवलं की त्याच्या डाव्या हातातली पुडी अजून गरम आहे आणि तेल कागदातून बोटांना लागतंय. याच्या आधीच्या कुठल्याही फोनवर तो इथं ‘बरं’ म्हणाला असता.

“काय लिहिलं होतंस?”

“आता काय त्याचं.”

“सांग.”

“मला बरं नव्हतं तेव्हा. अंगानं नाही. झोपून राहायची मी, कामावर जाववत नव्हतं. म्हटलं थोडे दिवस तिकडे यावं. आईकडे नाही, ती सारखी विचारते, खाल्लंस का, काय झालं, कोणी काही बोललं का. तुझ्याकडे. तू काही विचारत नाहीस.” ती जराशी हसली. “तेवढंच होतं. लांबलचक लिहिलं, पण होतं तेवढंच.”

“ये,” तो म्हणाला.

“आता मी बरी आहे, पपा.”

“हो. तरी.”

“बघू.” भोंगा पुन्हा बोलला; तिनं कोणाला तरी ‘आले, आले’ म्हटलं. “लिहीन कधीतरी. मला लिहिताना बरं बोलता येतं.”

“तुझा आताचा पत्ता दे. तेवढा मी आत घेतो. बाकी नियम राहिला तरी तुझ्यापुरता...”

“नाही.” ती पहिल्यांदाच जोरात बोलली. “नाव लिहून मला आत घेऊ नकोस. तुझ्या यादीत बसून मी येणार नाही. कोणालाही येता येत असेल तर मी पण येईन. कुठून ते मलाच माहीत नाही, मी पत्ते बदलत असते.”

“मग घाण येईल सगळी.”

“येईल की,” रीके म्हणाली. “चल, माणसं उतरतायत.”

फोन बंद झाला. दुसऱ्यानं ठेवण्याची वाट दोघांपैकी कोणी पाहिली नाही, हे त्याला पूल ओलांडून झाल्यावर कळलं.

घरी लिव्हरची पेस्ट लावलेला काप बशीत कडा वळवून पडला होता. दुपार झाली होती. त्यानं कोट काढला नाही. काळ्या डब्यासमोर बसून त्यानं तो नियम काढला. काढायला काही लागलं नाही. लिहायला लागला होता त्याच्यापेक्षा कितीतरी कमी वेळ. चिठ्ठी पुसली. मग इतर नियम होते, वर्षानुवर्षं एकावर एक चढलेले: अमुक देशातून नको, अमुक शब्द असेल तर नको, पहिल्यांदा येणाऱ्याला ताटकळत ठेव, नाव सांगता आलं नाही तर परत. प्रत्येकाला कारण होतं आणि प्रत्येक कारण त्या त्या वेळी खरं होतं. त्यानं तेही काढले. शेवटी पडदा जवळजवळ रिकामा झाला. एबरहार्टनं हे पाहिलं असतं तर त्यानं खुर्चीवरून उठून बाहेर जाऊन सिगारेट ओढली असती.

पहिल्यांदा काही झालं नाही. मग आलं.

आधी एक, मग तीन, मग मोजण्यात अर्थ नाही असं. जुनं यंत्र गप्प होतं. येणाऱ्यांसाठी ते वाजत नव्हतंच. पडद्यावर मात्र ओळींखाली ओळी साचत गेल्या. कोणाला त्याचे गुडघे बरे करायचे होते. कोणाला त्याला कर्ज द्यायचं होतं, तारण नको. एक राजकन्या परदेशात अडकली होती. एक बाई, नाव फक्त ‘लोला’, त्याच्या गल्लीतच राहत होती आणि तिला आज वेळ होता. कोणीतरी त्याला ओळखत असल्याचं सांगत होतं, कोणी धमकी देत होतं, कोणी अभिनंदन करत होतं, कशाबद्दल ते शेवटी कळायचं. वीस वर्षं उंबऱ्यावरून हाकललेले सगळे एकदम आत आले आणि बसायला जागा मागू लागले. पूर्वी असल्या ओळींवरून त्याची नजर न थांबता सरकली असती. नुसत्या पहिल्या दोन शब्दांवरून त्याला वास यायचा. आता तसं चालणार नव्हतं. तिनं कुठल्या पत्त्यावरून लिहावं, वर काय मथळा द्यावा, पहिलं वाक्य कसं असावं, याबद्दल त्याला काही माहीत नव्हतं. आपली मुलगी पत्र कसं सुरू करते? ‘प्रिय पपा’? की नुसतं काहीच नाही? बापाला हे माहीत असायला हवं होतं. म्हणून तो गुडघ्यांचं पत्र शेवटपर्यंत वाचत होता. कर्जाचं वाचलं, खालच्या बारीक अक्षरांसकट. राजकन्येचं वाचलं, तिच्या वडलांना विष घातलं होतं आणि तिचा कोणावर विश्वास उरला नव्हता, आणि हे सगळं तिनं इतक्या चुका करत लिहिलं होतं की तो एका जागी थांबला आणि ते वाक्य त्यानं परत वाचलं.

उन्हाची तिरीप फळीवर आली, पत्र्याच्या यंत्रावरून सरकत भिंतीला गेली. त्यानं एव्हाना कोट काढला होता, केर्स्टिननं दिलेल्या थंड टिकिया तो एका हातानं खात होता आणि दुसऱ्या हातानं एकेक पत्र उघडत होता. घाई करत नव्हता. बोटाचं तेल बटणांना लागत होतं, पुसत नव्हता. पुढचं आलं ते बिनमथळ्याचं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. नुसती अक्षरं आणि आकडे, कोणीतरी डोळे मिटून बोटं आपटावीत तसे. असलं टपाल त्यानं आयुष्यात कधी आत घेतलं नव्हतं. त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि ते उघडलं.